तिरकं घर्षण

धुळीचा एक कण खाली पडताना वाटेत किती अडतो, हे केतकी चौबळला जेवढं माहीत होतं तेवढं देशात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची कुणाची फारशी इच्छाही नव्हती. जत तालुक्यातल्या उघड्याबोडक्या माळावर, मोडीत निघालेल्या पवनचक्क्यांच्या रांगेला लागून एक बैठी इमारत होती. तिथं ती अकरा वर्षं धूळ पाडत होती. गावातले लोक त्या इमारतीला ‘धूळघर’ म्हणत. सरकारी कागदांवर तिचं नाव चांगलं लांब आणि भारदस्त होतं, पण ते एका दमात उच्चारणारा माणूस अजून त्या माळावर यायचा होता.

सुरुवातीला इथं वीसेक माणसं होती. कॅन्टीन होतं, व्हॉलीबॉलचं नेट होतं, दुपारच्या चहाला भांडणं होती. मग एकेक जण बदलीनं, बढतीनं, कुणी लग्न करून पांगला. आता उरली होती केतकी आणि चुंबकाची देखभाल करणारा सिद्राम बिराजदार. सिद्राम जतचाच. काम चोख, पण संध्याकाळी पाचचा भोंगा वाजला की त्याचा एक पाय गाडीवर असायचा. त्यानंतर केतकी आणि वारा.

तिचा नवरा निनाद कोकणात होता. कातळवाडीच्या सड्यावर नवं वीजकेंद्र उभं राहत होतं, त्याचा तो प्रमुख. सूर्य जशी अणू जोडून ऊर्जा काढतो तशीच इथं काढायची, कोळसा नाही, धूर नाही, असं ते केंद्र. दोघांच्या नोकऱ्या एकाच वर्षी लागल्या, एक घाटावर, एक घाटाखाली. ‘दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे,’ असं दोघंही तेव्हा म्हणाले होते. मूल नव्हतं, त्यामुळं कुणासाठी एकत्र राहायलाच हवं असंही काही नव्हतं. गणपतीत आणि दिवाळीत निनाद यायचा. एरवी रोज रात्रीचं जेवण दोघं पडद्यावर समोरासमोर बसून करत. ती इकडं भाकरी मोडायची, तो तिकडं मेसमधला भात कालवायचा. इतक्या वर्षांत पुष्कळ जेवणं झाली, पण एकमेकांच्या ताटातलं चाखायला मिळालं ते सणासुदीलाच.

आता हे मात्र संपणार होतं. केंद्राचा पहिला बार उडवायची तारीख ठरली होती. (तिथली माणसं प्रत्येक चाचणीला ‘बार’ म्हणत. यशस्वी झाला तर बार लागला, नाहीतर फुसका गेला.) निनादचा करार पहिल्या बारापर्यंतच होता. बार लागो वा फुसका जावो, दुसऱ्या दिवशी किल्ल्या उपप्रमुखाच्या हातात द्यायच्या आणि घरी यायचं. वय साठीला टेकलेलं होतं. केतकीनं आतली खोली रंगवून घेतली होती, आणि रंगाऱ्यानं दोनदा विचारूनही तिला रंगाचं नाव धड सांगता आलं नव्हतं, इतकी ती खुशीत होती.

गंमत अशी, की निनादच्या त्या यंत्राचा आकार केतकीच्या धुळीनं ठरवला होता.

हे जरा सावकाश सांगायला हवं. प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू. साध्या प्लाझ्मात कण बाजारातल्या माणसांसारखे असतात. धक्का लागला तर लागला, पुढं चालू. पण काही प्लाझ्मांत कणांमधली विजेची ढकलाढकल त्यांच्या उष्णतेहून कितीतरी मोठी असते. मग ते बाजार सोडून पंगतीला बसल्यासारखे होतात. ज्याची त्याची जागा ठरलेली. एक जण उठून मधून निघाला की साऱ्या ओळीला गुडघे आखडावे लागतात. अशा घट्ट बांधलेल्या प्लाझ्मातून एखादा कण धावला तर तो आपली ऊर्जा झपाट्यानं गमावतो, कारण त्याला एकट्या शेजाऱ्याशी नाही, अख्ख्या पंगतीशी झगडावं लागतं. केतकीच्या काचेच्या पिंपात प्लाझ्मावर तरंगणारी बारीक धूळ अशीच शिस्तीत बसायची, साध्या डोळ्यांना दिसेल अशी, आणि वरून सोडलेला एक जड कण तिच्यातून वाट काढत खाली यायचा. धूळ असो की सूर्याच्या पोटातलं इंधन, ढकलाढकल आणि उष्णता यांचं गुणोत्तर जुळलं की दोघांचं वागणं जुळतं. म्हणून तर सरकारनं धूळ पाडायला पैसे दिले होते.

आता यात चुंबक आणा. कुठलंही घर्षण मागं ओढतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण जबरदस्त चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्माचे कण चुंबकरेषांना बांधले जातात. दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे ते दोऱ्याच्या लांबीनं सरकतात, आडवे जाऊ शकत नाहीत. मग धावणाऱ्या कणाच्या मागं जी खळबळ उठते ती सरळ मागं उठत नाही, कलते. आणि कलत्या खळबळीची ओढही कलतीच. म्हणजे घर्षण कणाला नुसतं थांबवत नाही, वळवतंही. कुठं वळवतं? चुंबकरेषेकडे की तिच्यापासून दूर? गणित करणाऱ्यांचे दोन तट होते आणि दोघांची उत्तरं उलटी. केतकीनं चुंबक मुद्दाम तिरका बसवला, कण सरळ खाली सोडला, आणि तो कुठल्या बाजूला ढळतो ते बघितलं. कण चुंबकरेषेकडे ढळला. निकाल लागला. मोठमोठ्या परिषदांत लोक त्याला ‘चौबळ वळण’ म्हणायला लागले. हे चौबळ म्हणजे निनाद, असं निम्म्या लोकांना वाटायचं, आणि केतकीनं ते दुरुस्त करायचा कंटाळा केला.

कातळवाडीत इंधन एका धातूच्या नळीत, तिच्या लांबीनं जाणाऱ्या चुंबकरेषांमध्ये दाबलं जाणार होतं. अणू जोडले गेले की हेलियमचे कण उसळून बाहेर पडणार. त्यांनी आपली ऊर्जा नळीच्या आतच, इंधनात गमावली पाहिजे, तरच ते इंधन स्वतःच्या उष्णतेवर पेटत राहणार. चौबळ वळण म्हणत होतं, की हे कण चुंबकरेषेकडे कलतील, त्यांचे फेरे आवळत जातील आणि ते नळीच्या लांबीच्या दिशेनं पळतील. म्हणून निनादनं नळी लांब केली, आणि बाजूनं काही धोका नाही म्हणून तिची भिंत पातळ ठेवली.

तारीख जाहीर झाली त्या दिवशी जतच्या कॉलेजनं केतकीचा सत्कार ठेवला. तिनं कधी नव्हे ती साडी नेसली, गर्द जांभळी इरकल. हार-नारळ, दोन भाषणं आणि एका प्राध्यापकानं वाचलेली स्वतःचीच कविता, एवढं सोसून ती परत आली. जाता जाता पिंपाची खिडकी पुसून ठेवावी म्हणून चुंबकाच्या हॉलमध्ये डोकावली. चुंबक बंद होता. चालू असताना आत जायला बंदीच असे, खिशातली किल्लीही उडून चुंबकाला चिकटायची. तिनं वाकून काच पुसली, आत बघितलं आणि घरी गेली. कॅमेरा चालू राहिला होता हे तिच्या लक्षातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साठवलेली चित्रफीत पुढं सरकवत होती. रिकामं पिंप, रिकामं पिंप, आणि अचानक पलीकडच्या खिडकीत एक बाई. चेहरा चौकटीच्या वर गेलेला, दिसत होती ती मान, खांदा आणि साडी. पदर उजव्या खांद्यावर.

केतकीला एकदम बरं वाटलं. कुणीतरी आलं होतं! पदर उजव्या खांद्यावर म्हणजे गुजराती बाई असणार. कुणी नवी शास्त्रज्ञ की काय? अहमदाबादेहून कुणाला पाठवलं असेल, न कळवता? मनातल्या मनात तिनं तिला चहाही विचारून टाकला. मग तिनं हॉलचा फोन फिरवला.

“सिद्राम, काल संध्याकाळी हॉलमध्ये कोण बाई आली होती?”

“बाई?” सिद्राम बुचकळ्यात पडला. “न्हाई बा. तुमच्याबिगर हितं बाई कुटली यायली, मॅडम?”

तेवढ्यात पडद्यावरची बाई वाकली आणि तिचा चेहरा खिडकीत आला. थकलेला, कानावर पांढरे केस सुटलेले. केतकी स्वतःच होती ती.

ती आधी खो-खो हसली. काय ही दशा, चहा विचारायला माणूस मिळालं तर ते आपणच! हसता हसता तिचं लक्ष पुन्हा त्या पदराकडं गेलं. आपण पदर डाव्या खांद्यावर घेतो. आईनं शिकवला तसा, सगळं गाव घेतं तसा. पडद्यावर तो उजव्यावर होता. आणि चेहरा अगदी रोज सकाळी भांग पाडताना आरशात दिसतो तसा होता. फोटोत माणूस आरशातल्यासारखं दिसत नाही.

तिचं हसू मावळलं.

धूळघरात आरशाचं एक जुनं प्रकरण होतं. चुंबकाजवळ कॅमेरा टिकत नाही, म्हणून तो बाजूला ठेवायचा आणि आरशातून पिंप बघायचं. आरशात डावं-उजवं उलटं होतं, म्हणून कॉम्प्युटरला सांगून ठेवलेलं, की साठवण्याआधी चित्र उलटव. थेट चित्र दाखवणाऱ्या चालू पडद्यावर मात्र उलटंच दिसायचं, त्यामुळं इथल्या सगळ्यांना डोक्यात डावं-उजवं फिरवायची सवय जडली होती. कुणी रिक्षावाल्याला ‘डावीकडं घे’ म्हणालं की बाकीचे विचारत, ‘आपलं डावं की लोकांचं डावं?’ पुढं चुंबक आणखी जोरकस केला तेव्हा कॅमेरा भिंतीपलीकडं न्यावा लागला. वाट वळवायला दुसरा आरसा लावला. दोन आरशांनी चित्र आपोआप सुलट झालं. चालू पडदाही सुलट झाला असणार, पण तोवर तिकडं बघायला माणसं उरली नव्हती. फितीच बघायच्या, त्याही कॉम्प्युटरनं मोजलेल्या. आणि कॉम्प्युटरला ‘आता उलटवू नकोस’ हे सांगायचं राहून गेलं. वळणाचे सगळे प्रयोग त्यानंतरचेच. पिंप गोल, धुळीची पंगत दोन्हीकडं सारखी, कण सरळ खाली येणारा. चित्र उलटं आहे हे सांगायला त्यात काहीच नव्हतं. चुंबकाचा तिरकेपणा तर चित्रात दिसत नव्हता, तो नकाशावरून घेतलेला होता.

“सिद्राम,” ती फोनवर म्हणाली, “खिडकीसमोर उभा राहा आणि एक हात वर कर.”

“कुटला हात?”

“उजवा.”

“म्हंजे जेवायचा?”

“हो, जेवायचा.”

सिद्रामनं जेवायचा हात वर केला. साठवलेल्या चित्रात डावा हात वर गेला.

“किती वेळ धरू, मॅडम?” तिकडून आवाज आला. “खांदा भरून आला की.”

केतकीनं त्याला हात खाली घ्यायला सांगितलं आणि ती बसून राहिली. कण चुंबकरेषेकडे ढळत नव्हता, तिच्यापासून दूर ढळत होता. म्हणजे हेलियमचे कण नळीच्या लांबीनं पळणार नव्हते. त्यांचे फेरे रुंदावत जाणार होते आणि ते सरळ त्या पातळ भिंतीवर जाऊन आदळणार होते. इंधन पेटणार नव्हतं. भिंत सोलून निघणार, धातूची वाफ नळीमागच्या, चुंबकाच्या मोठ्या वेटोळ्यावर बसणार आणि ते वेटोळं कामातून जाणार. माणसाला इजा नाही, सड्यावर कुणाला आवाजसुद्धा फारसा येणार नाही. पण ते वेटोळं घडवायला चार वर्षं लागली होती, आणि दुसरं घडवायला पुन्हा पैसे देईल इतकं सरकार भोळं नव्हतं. केंद्र संपणार.

आणि निनाद घरी येणार.

हे दुसरं वाक्य तिच्या मनात इतकं पटकन आलं, की ती स्वतःलाच घाबरली. पण आलं ते आलं. सांगितलं तर बार पुढं ढकलला जाईल. नळी नव्यानं आखायची, आखूड, रुंद आणि जाड भिंतीची, म्हणजे सगळंच नव्यानं. करार पहिल्या बारापर्यंतचा, आणि बारच लांबला की निनादही तिथंच. नाही सांगितलं तर तीन आठवड्यांत तो दारात. आणि कुणाला कळणार होतं? फुसक्या बाराची चौकशी वेटोळ्याची होते, इंधनाची होते, जतच्या माळावरच्या आरशाची कोण करतो? ती उद्या कॉम्प्युटरला गुपचूप नीट सांगून मोकळी झाली असती.

त्या रात्री जेवताना निनाद बोलत होता. नळी तपासून झाली, वेटोळं थंड करायला घेतलंय, मंत्री येणार म्हणून रस्त्याचे खड्डे बुजवलेत. मग थांबून म्हणाला, “केतकी, तुझ्याकडं आल्यावर मी दिवसभर करणार काय गं?”

“झोप काढ. मला भाजी चिरून दे.”

“भाजी चिरायला किती वेळ लागतो?”

“तू चिरणार असशील तर संध्याकाळ होईल.”

तो हसला. ‘तुझ्याकडं’ म्हणाला हे तिच्या कानाला लागलं होतं. पण अकरा वर्षं सणाला पाहुण्यासारखं येणारा माणूस घराला आणखी काय म्हणणार? तिनं ते मनावर घेतलं नाही. सांगायचं होतं तेही सांगितलं नाही. पडदा मालवल्यावर तिनं त्याच्यासाठी रंगवलेल्या खोलीत जाऊन दिवा लावला आणि थोडा वेळ उगाच उभी राहिली. रंग छान बसला होता.

दुसऱ्या दिवशीही ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशीही. कामात मात्र तिचं चित्त नव्हतं. कण सोडायची आणि तो कुठं ढळला ते न बघताच पुढचा सोडायची. सिद्रामनं विचारलं, “मॅडम, बरं न्हाई काय? दवाखान्याला जाऊन येऊ या काय?” तिनं मान हलवली. तिला बरं नव्हतंच, पण दवाखान्यात त्याचं औषध नव्हतं.

ती पुन्हा पुन्हा एकच चित्र डोळ्यांपुढं आणून बघत होती. निनाद आलाय. समोर बसलाय, पडद्यावर नाही, खराखुरा, हाताच्या अंतरावर. ती त्याला वाढतेय. आणि तो पानाकडं बघत म्हणतोय, ‘कुठं चुकलं असेल गं?’ रोज म्हणतोय. हुशार माणूस, आयुष्याचं काम फुकट गेलेला, बायकोला विचारतोय, आणि बायकोला माहीत आहे. ती म्हणतेय, ‘कोण जाणे. आमटी घे.’ दोन वेळा, रोज, मरेपर्यंत. एकटीनं राहायची सवय तिला होती. अकरा वर्षांत ती त्यात तरबेज झाली होती. पण त्याच्यासमोर बसून एकटं राहायचं? ते तिला झेपलं नसतं.

शनिवारी सकाळी तिनं भर कामाच्या वेळी फोन लावला. असा ती कधी लावत नसे.

“काय झालं?” निनादनं घाबरून विचारलं.

“बार उडवू नका. माझं वळण उलटं आहे.”

तिनं सगळं सांगितलं. आरसे, पदर, सिद्रामचा हात. चित्रफिती पाठवल्या. पलीकडं त्यानं त्या लगेच लावल्या.

“निनाद?”

“बघतोय,” तो म्हणाला. मग म्हणाला, “क्षेत्राची दिशाच उलटी केली तर? वेटोळ्यात वीज उलट सोडली तर वळणही फिरेल ना?”

“नाही फिरणार. मणी दोऱ्यात ओवलाय, दोरा कुठल्या टोकाकडनं मोजलास म्हणून मण्याला फरक पडत नाही. मी तीन दिवस त्याचाच विचार करत होते.”

“तीन दिवस?” निनाद म्हणाला.

“हो. बुधवारीच कळलं होतं मला.”

‘मग सांगितलं का नाहीस?’ असं तो विचारील म्हणून ती वाट बघत होती. विचारलं असतं तर तिनं खरं ते सांगून टाकलं असतं, की तू यावास म्हणून. अकरा वर्षांत हे वाक्य तिनं एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि आता ते जिभेवर येऊन थांबलं होतं. पण निनादनं विचारलं नाही. “मी नंतर करतो,” म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर जेवणाच्या वेळी पडदा लागला नाही. पहिल्या रात्री तिनं वाट बघितली, दुसऱ्या रात्री कमी बघितली. बातम्यांत आलं, की कातळवाडीची चाचणी तांत्रिक कारणानं बेमुदत पुढं ढकलली. एका वर्तमानपत्रानं हा जनतेच्या पैशाचा चुराडा आहे असं लिहिलं. वरून कुणीतरी केतकीला फोन करून बराच वेळ झापलं आणि शेवटी, वेळेवर सांगितलंत म्हणून आभारही मानले. ती दोन्ही ‘हो, हो’ म्हणत ऐकून घेत होती. तिला त्यातलं काहीच लागत नव्हतं. तिचं लक्ष एकाच गोष्टीकडं होतं. बार बेमुदत गेला, म्हणजे करारही तसाच लटकणार. साठीच्या माणसाला ते किती काळ तिथं धरून ठेवतील? सोडतीलही. तरुण उपप्रमुख होताच. कदाचित आताच सोडतील. ही आशा तिनं केली, आणि ती वेडी नव्हती, चांगली हिशेबी आशा होती.

आठवडाभरानं, जेवणाच्या वेळी निनादचा फोन आला. पडद्यावर त्याची दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, पण चेहरा? तो चेहरा केतकीनं ओळखला. त्यांची ओळख झाली तेव्हा, तिशीच्या आत असताना, पुण्यातल्या एका परिषदेत फळ्यासमोर उभा राहून भांडणाऱ्या पोराचा तो चेहरा होता.

“केतकी, तू काय दिलंयस तुला कळतंय का?” त्यानं नमस्कारचमत्कार न करता सुरुवात केली. “फेरे रुंदावतात म्हणजे कण टोकांकडून निसटतच नाहीत! आखूड, रुंद नळी, जाड भिंत, आणि इंधन निम्म्यानं कमी. आम्ही रोज पहाटेपर्यंत बसतोय. पोरं घरी जायला तयार नाहीत. हे आधीच्याहून दसपट चांगलं यंत्र होणार आहे.”

“वा,” केतकी म्हणाली. तिला खरंच आनंद झाला, आणि त्याच वेळी दुसरंही काहीतरी झालं.

“तीन वर्षं लागतील. फार तर चार.” तो जरा अडखळला. “त्यांनी मला विचारलं होतं. म्हणाले, तुमचं वय झालंय, हवं तर आता मोकळे व्हा, उपप्रमुख बघतील पुढचं.”

“मग?”

“मी म्हटलं राहतो.”

बाहेर वारा होता. केतकीनं समोरच्या ताटातली भाकरी मोडली, पण घास उचलला नाही.

“तू पण ये ना इकडं,” निनाद म्हणाला. “क्वार्टर मोठा आहे. समुद्र दिसतो.” दारात आलेल्याला ‘जेवून जा’ म्हणावं तसं तो म्हणाला, मनापासून, आणि समोरचा ‘नको, पुन्हा येईन’ म्हणणार हे धरूनच.

“निनाद, मला वाटलं होतं तू येशील,” ती म्हणाली. “मला तू इथं हवा होतास. म्हणून तीन दिवस गप्प बसले.”

चेहऱ्यावरचा तो तरुण पोरगा क्षणात नाहीसा झाला, आणि केतकीला वाईट वाटलं. आपणच त्याला हाकललं असं वाटलं.

“मी सांगितलंच नसतं,” तिनं विचारलं, “तर आला असतास?”

“आलो असतो. ठरलंच होतं.”

“आणि राहिला असतास?”

निनादनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. एक साधा ‘हो’ पुरला असता. ती तो धरून तीन वर्षं काढू शकली असती, चारही काढली असती. तिला खोटा चालला असता. पण निनाद खोटं बोलत नसे, आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि तोच तर त्याचा गुण पाहून तिनं लग्न केलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की ज्या बाईला स्वतःला खोटं पचवता आलं नाही, तिनं ते नवऱ्याकडं कुठल्या तोंडानं मागायचं?

“जेव,” ती म्हणाली. “भात गार होतोय तुझा.”